ग्रुपवर टाकलेल्या फायली बाहेर काढताना: मंडळाच्या सचिवांसाठी टिपण

मार्च संपत आला की सीएंची यादी येते: टेंट हाउसचं बिल, मूर्तीची पावती, साउंडचं भाडं, विजेच्या तात्पुरत्या जोडणीचे पैसे, प्रसादाच्या हलवायाचा हिशोब. इंदूरच्या बहुतेक मराठी मंडळांत हे कागद कुणाच्याही फायलीत लावलेले नसतात, ते ‘ग्रुपवर’ असतात. गणपतीच्या दिवसांत रामबागेतून कुणी बिलाचा फोटो टाकतो, सुदामानगरातून कुणी पीडीएफ पाठवतो, खाली सहा अंगठे उमटतात आणि काम झालं असं धरलं जातं. सात महिन्यांनी तीच पीडीएफ उघडायला जावं तर चक्र फिरत राहतं आणि शेवटी पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असा निरोप येतो.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम या दोन्हींतून अशा फायली कशा काढायच्या, ते पुढे दिलं आहे. खरं तर फाइल बाहेर काढणं अवघड नाही. ती कुणी, कधी, कशाबद्दल पाठवली हे तिच्यासोबत बाहेर काढणं अवघड आहे. ‘आयएमजी-२०२५०९०३-डब्ल्यूए००१२’ हा फोटो कशाचा, हे त्याखालच्या ‘झांकीच्या (मिरवणुकीतल्या देखाव्याच्या) ट्रॉलीचं भाडं, निम्मे दिलेत’ या ओळीशिवाय कुणालाही सांगता येणार नाही. ती ओळ हरवली तर हाती राहतो तो नुसता फोटो, पावती नव्हे. (फायलींची आणि मेनूंची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, पडद्यावर ती रोमन अक्षरांत दिसतील.)

फाइल असते कुठे

दोन्ही ॲपांचा स्वभाव वेगळा आहे आणि सगळी पद्धत त्यावरच ठरते.

व्हॉट्सॲप तुमच्या फायलींची कायमची प्रत स्वतःकडे ठेवत नाही. न पोचलेला संदेश त्यांच्या सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंत राहतो, नंतर पुसला जातो. जोडलेली फाइलही तिथे काही काळच थांबते. ज्याने वेळेत डाउनलोड केली त्याच्या फोनमध्ये ती उरते, बाकीच्यांना फक्त धुरकट चौकट दिसते. म्हणून ‘ग्रुपवर आहे’ याचा खरा अर्थ ‘कुणाच्या तरी फोनमध्ये आहे’ इतकाच. मोबाइल डेटावर असताना व्हॉट्सॲप मुळात फक्त फोटो आपोआप उतरवतं. व्हिडिओ आणि कागदपत्रं वाय-फायवर उतरतात. घरी वाय-फाय नसलेल्या सदस्याच्या फोनमध्ये फोटो सगळे आणि बिलांच्या पीडीएफ एकही नाही, असं होतं ते यामुळे.

टेलिग्रामचं उलट आहे. तिथली फाइल त्यांच्या क्लाउडवर असते आणि कुणी काढून टाकत नाही तोवर राहते. नव्या संगणकावर आज लॉगिन केलं तरी तीन वर्षांपूर्वीचं पत्रक उतरवता येतं. याला अपवाद सीक्रेट चॅटचा. ती ज्या उपकरणावर झाली तिथेच असते आणि कुठल्याही एक्स्पोर्टमध्ये, म्हणजे गप्पा आणि फायली एकत्र बाहेर काढण्यात, येत नाही.

म्हणून व्हॉट्सॲपच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘कसं काढू’ हा नसून ‘कुणाच्या फोनमधून काढू’ हा आहे. सुरुवातीपासून ग्रुपमध्ये असलेला, वाय-फाय वापरणारा, वर्षभरात फोन न बदललेला आणि ‘स्टोरेज भरलं’ म्हणून सफाई न केलेला माणूस शोधा. तो अध्यक्ष असायची गरज नाही. मधेच ग्रुपमध्ये आलेल्याला सहसा आधीचं काही दिसत नाही, त्यामुळे नव्या सचिवांचा फोन या कामाला सगळ्यात निरुपयोगी, आणि नेमकं त्यांनाच हे काम सांगितलं जातं.

व्हॉट्सॲप: एक्स्पोर्ट चॅट

योग्य फोन मिळाला की आधी ग्रुपच्या नावावर टिचकी मारून ‘मीडिया, लिंक्स अँड डॉक्स’ उघडा. ‘डॉक्स’च्या रकान्यात वरून खालपर्यंत जा. ज्या फाइलीपुढे खाली जाणारा बाण दिसतो ती या फोनमध्ये अजून आलेली नाही. बाणावर दाबून पाहा. उतरली तर उत्तम. नाही उतरली तर तिचं नाव, तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. हे काम एक्स्पोर्टच्या आधीच करायचं, कारण एक्स्पोर्टमध्ये फक्त फोनमध्ये असलेल्याच फायली येतात. न उतरलेल्या फाइलीच्या जागी मजकुरात ‘मीडिया ऑमिटेड’ एवढंच छापलं जातं.

मग अँड्रॉइडवर ग्रुप उघडून वरच्या तीन टिंबांतून ‘मोअर’ आणि पुढे ‘एक्स्पोर्ट चॅट’. आयफोनवर हाच पर्याय ग्रुपच्या माहितीत अगदी तळाशी असतो. ‘इन्क्लूड मीडिया’ निवडा. आयफोनवर एक झिप (अनेक फायलींचं एकच गाठोडं) तयार होते आणि तिच्यात गप्पांची एक टेक्स्ट फाइल व सगळ्या जोडण्या असतात. अँड्रॉइडवर आवृत्तीप्रमाणे झिप मिळते किंवा सुट्या फायलींचा गठ्ठा मिळतो. गठ्ठा मिळाला तर तो एकाच नव्या फोल्डरमध्ये उतरवा, नाहीतर तो ड्राइव्हवर इतर फायलींत मिसळून जातो.

कुठे पाठवायचं हे विचारलं जाईल तेव्हा जीमेल निवडू नका. पंचवीस एमबीपेक्षा मोठी जोडणी जीमेल घेत नाही आणि दहा दिवसांच्या उत्सवाचा गठ्ठा शेकडो एमबींचा असतो. गूगल ड्राइव्ह घ्या, किंवा आयफोनवर ‘सेव्ह टू फाइल्स’. पडदा बंद होऊ देऊ नका. मोठ्या ग्रुपचं एक्स्पोर्ट चालू असताना दुसऱ्या ॲपमध्ये गेलात तर ते अर्ध्यावर तुटतं आणि तुटल्याचं सांगतही नाही.

सगळ्यात जास्त घात होतो तो मर्यादेने. मीडियासकट एक्स्पोर्ट केलं तर अलीकडचे १०,००० संदेश येतात, मीडियाशिवाय ४०,०००. तारखा निवडायची सोय व्हॉट्सॲपमध्ये नाही. ग्रुपवर दिवसाला सरासरी ६० संदेश पडत असतील तर दहा हजार म्हणजे साधारण साडेपाच महिने. सप्टेंबरातल्या बिलांसाठी मार्चअखेर एक्स्पोर्ट केलं तर ती बिलं मर्यादेच्या पलीकडे गेलेली असतात. सुप्रभात, वाढदिवस आणि पोह्यांचे फोटो हे दहा हजार भरून काढतात. यावर उपाय दोनच. विसर्जनानंतर आठवड्याच्या आत एक्स्पोर्ट करा. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती, म्हणजे १३ तारखेपर्यंत काम उरकायला हवं होतं. आणि हिशोबाचा ग्रुप वेगळा ठेवा, तिथे बिलाखेरीज काही टाकू नका. दुसरा उपाय सगळे मान्य करतात आणि पाळत कुणी नाही, म्हणून भरवसा पहिल्यावर ठेवा.

‘एक्स्पोर्ट चॅट’ चालतच नसेल तर ग्रुपच्या माहितीत ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ सुरू आहे का पाहा. २०२५ साली आलेली ही सोय सुरू असली की कुणालाही एक्स्पोर्ट करता येत नाही, फायली आपोआप उतरणंही थांबतं. ॲडमिनला सांगून तेवढ्यापुरती बंद करून घ्या. ‘व्ह्यू वन्स’ने पाठवलेला फोटो मात्र कशानेच येणार नाही. आणि गायब होणारे संदेश लावलेले असतील (२४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस) तर मुदतीनंतर ग्रुपमध्ये काही सापडणार नाही. हिशोबाच्या ग्रुपवर ते लावूच नका.

फोल्डरातून थेट काढणं

एक्स्पोर्टच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या फायली बऱ्याचदा अँड्रॉइड फोनच्या पोटात असतातच. अँड्रॉइड ११ पासून त्यांचा पत्ता असा: इंटर्नल स्टोरेज, त्यात ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात ‘कॉम.व्हॉट्सॲप’, त्यात ‘व्हॉट्सॲप’ आणि पुन्हा ‘मीडिया’. तिथे ‘व्हॉट्सॲप इमेजेस’, ‘व्हॉट्सॲप व्हिडिओ’, ‘व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स’, ‘व्हॉट्सॲप ऑडिओ’ असे कप्पे दिसतील. जुन्या फोनवर ‘व्हॉट्सॲप’ हा फोल्डर थेट इंटर्नल स्टोरेजमध्येच असतो. आयफोनवर असा उघडा फोल्डर नाही, तिथे एक्स्पोर्ट हाच रस्ता.

प्रत्येक कप्प्यात ‘सेंट’ नावाचा उपकप्पा असतो आणि तो लोकांच्या लक्षातच येत नाही. टेंट हाउसचं बिल तुमच्या फोनवर उतरत नसेल तर ज्याने ते ग्रुपवर टाकलं त्याच्या ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘सेंट’मध्ये ते बहुधा पडलेलं असतं. त्याला ‘पुन्हा पाठवा’ म्हणून भागत नाही, कारण त्यालाही गप्पांत वर जाऊन शोधायचा कंटाळा असतो. त्याऐवजी फाइल मॅनेजर उघडायला लावा आणि ‘सेंट’पर्यंत फोनवरून वाट सांगा. दोन मिनिटांत मिळतं. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद असलेल्यांच्या फायली ‘प्रायव्हेट’ नावाच्या उपकप्प्यात जातात आणि गॅलरीत दिसत नाहीत. तिथेही बघा.

या पद्धतीचा मोठा दोष असा की सगळे ग्रुप आणि सगळी माणसं एकाच फोल्डरात मिसळलेली असतात. मंडळाची बिलं, सोसायटीच्या नोटिसा, भाच्याच्या बारशाचे फोटो, सगळं एका रांगेत. फाइल कोणत्या ग्रुपमधून आली हे तिच्या नावात कुठेच नसतं.

नाव कसं वाचायचं ते पाहू. ‘आयएमजी-२०२५०९०३-डब्ल्यूए००१२’ यात आधी प्रकार (व्हिडिओला ‘व्हीआयडी’, आवाजी निरोपाला ‘पीटीटी’), मग वर्ष-महिना-दिवस, मग त्या दिवसाचा अनुक्रमांक. ही तारीख फोटो काढल्याची नव्हे. फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली कॅमेऱ्याची माहितीही व्हॉट्सॲप काढून टाकतं, त्यामुळे मूळ वेळ शोधायला दुसरा आधार उरत नाही. आणि अनुक्रमांक प्रत्येक फोनचा स्वतःचा असतो: कोषाध्यक्षांच्या फोनवरचा ००१२ सचिवांच्या फोनवर ००३१ असू शकतो. म्हणून ‘००१२ नंबरचं बिल बघा’ असं दुसऱ्याला सांगून काही उपयोग नाही.

कागदपत्रांची नावं मूळचीच राहतात, आणि तोही एक त्रास. स्कॅनरने दिलेलं ‘अडोबी स्कॅन’ आणि पुढे तारीख, टेंटवाल्याने दिलेलं ‘बिल’, मग ‘बिल (१)’, ‘बिल (२)’. काही फायली ‘डीओसी-२०२५०९०३-डब्ल्यूए०००४.’ अशा येतात: शेवटी टिंब आहे आणि पुढे काहीच नाही. ही खराब झालेली फाइल नव्हे, तिचं शेपूट गळलं आहे. पण विंडोजला टिंबाने संपणारं नाव चालत नाही, त्यामुळे केबलने संगणकावर घेताना नेमक्या याच फायली अडतात. अशा फायली आधी फोनमध्येच ‘डाउनलोड’ या फोल्डरात कॉपी करा आणि तिथे नावामागे ‘पीडीएफ’ लावून बघा. पीडीएफ नसेल तर टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पहिली अक्षरं पाहा. टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ असेल तर पीडीएफच. ‘पीके’ असेल तर झिप, किंवा वर्ड-एक्सेलची फाइल, कारण त्याही आतून झिपच असतात.

व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या फोल्डरात काहीही हलवू नका आणि कुठलंही नाव बदलू नका. फक्त कॉपी. तिथलं नाव बदललं की गप्पांतला संदेश आणि फाइल यांची गाठ सुटते, ग्रुपमध्ये त्या संदेशावर दाबलं तर फाइल सापडत नाही असं येतं.

केबलबद्दल थोडं. जेल रोडवरून स्वस्तातली केबल आणली आणि फोन संगणकावर दिसतच नाही, अशी तक्रार असेल तर ती केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. घेताना ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांगून घ्या. जोडल्यावर फोनवर आलेल्या सूचनेतून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा, नाहीतर चार्जिंगच होत राहतं. हजारो फोटो एका दमात ओढू नका, विंडोज मधेच गोठतं आणि किती आले, किती राहिले कळत नाही. दोन-तीनशेच्या तुकड्यांत घ्या. पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर बसत नाही. झांकीच्या मिरवणुकीचा लांब व्हिडिओ तिथे अडतो. ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केलेला वापरा.

टेलिग्राम

इथे काम खूप सोपं आहे, फक्त फोनवरून होत नाही. संगणकावर ‘टेलिग्राम डेस्कटॉप’ हवं. मोबाइलच्या ॲपमध्ये एक्स्पोर्ट नाही. ग्रुप उघडा, तीन टिंबांतून ‘एक्स्पोर्ट चॅट हिस्टरी’. समोर एक खिडकी येते आणि चुका तिथेच होतात.

‘फोटोज’वर सहसा आधीच खूण असते, ‘फाइल्स’वर नसते. पीडीएफ हव्या असतील तर ‘फाइल्स’वर खूण करा. त्याखाली आकाराची सरकपट्टी असते आणि ती मुळात ८ एमबीवर असते. त्यापेक्षा मोठी प्रत्येक फाइल वगळली जाते आणि तिच्या जागी मर्यादेबाहेरची म्हणून वगळल्याची टीप येते. छापखान्याने पाठवलेली आमंत्रणपत्रिकेची छपाईची पीडीएफ ४० एमबीची असते, व्हिडिओ त्याहून मोठे. सरकपट्टी उजवीकडे ओढा. मग ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ या तारखा द्या: २०२५ साठी २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर हे उत्सवाचे दिवस झाले, पण बिलं आधीपासून सुरू होतात आणि नंतर महिनाभर येत राहतात, म्हणून १ जुलै ते १५ ऑक्टोबर धरा. फॉरमॅटमध्ये वाचण्यासाठी ‘एचटीएमएल’ घ्या. कुणाला पुढे यादी बनवायची असेल तर ‘जेसन’ (संगणकाला वाचायला सोपी मांडणी) हेही घेता येतं.

सगळं ‘डाउनलोड्स’मधल्या ‘टेलिग्राम डेस्कटॉप’ फोल्डरात ‘चॅटएक्स्पोर्ट’ आणि तारीख अशा नावाने पडतं. आत ‘मेसेजेस’ नावाचं पान, हजारावर संदेश असतील तर ‘मेसेजेस२’, ‘मेसेजेस३’ अशी पुढची पानं, आणि ‘फोटोज’, ‘फाइल्स’, ‘व्हिडिओ फाइल्स’ असे फोल्डर. पानावरच्या चित्रावर दाबलं की शेजारच्या फोल्डरातली फाइल उघडते. म्हणून हा फोल्डर अखंड ठेवा. कुणाला फक्त ‘मेसेजेस’चं पान पाठवलं तर त्याला मजकूर दिसेल आणि चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी.

नव्याने लॉगिन केलेल्या संगणकावर टेलिग्राम सुरक्षेसाठी एक्स्पोर्ट २४ तासांपर्यंत थांबवू शकतं. ऑडिटच्या आदल्या रात्री हे समजलं तर पंचाईत होते, म्हणून लॉगिन आधी करून ठेवा. ग्रुपवर ‘रिस्ट्रिक्ट सेव्हिंग कंटेंट’ लावलेलं असेल तर ते ॲडमिनने काढल्याशिवाय एक्स्पोर्ट होत नाही.

मजकूर आणि फाइल यांची जोडी

व्हॉट्सॲपच्या एक्स्पोर्टमधली टेक्स्ट फाइल लोक सहसा फेकून देतात, कारण ती दिसायला कंटाळवाणी. पण तीच सूची आहे. अँड्रॉइडच्या फाइलीत एक नोंद अशी दिसते:

०३/०९/२५, ७:४२ पीएम - बंटी टेंट: आयएमजी-२०२५०९०३-डब्ल्यूए००१२.जेपीजी (फाइल अटॅच्ड)
झांकीच्या ट्रॉलीचं भाडं, निम्मे दिलेत

आयफोनवर ‘अटॅच्ड’ हा शब्द कोनी कंसात आधी येतो आणि फाइलीच्या नावातच क्रमांक, तारीख आणि वेळ असते. अँड्रॉइडच्या नोंदीत चार गोष्टी नीट बघा. ‘बंटी टेंट’ हे नाव एक्स्पोर्ट करणाऱ्याच्या फोनमध्ये सेव्ह केलेलं आहे, दुसऱ्याला त्यातून काही कळणार नाही. सेव्ह नसेल तर नुसता नंबर येतो. चित्राखालचा मजकूर पुढच्या ओळीवर येतो आणि त्या ओळीला तारीख नसते, म्हणून एक्सेलमध्ये घेतलं की तो वेगळी, अनाथ ओळ बनून बसतो. तारखेची मांडणी फोनच्या भाषेवर आणि प्रदेशावर ठरते: एका फोनवर ०३/०९/२५ म्हणजे ३ सप्टेंबर, अमेरिकन इंग्रजी लावलेल्या फोनवर तोच दिवस ९/३/२५ असा येतो आणि एक्सेल तो ९ मार्च समजतं. आणि वेळेच्या आकड्याआधी-नंतर बऱ्याचदा न दिसणारं वेगळ्या प्रकारचं रिकामं अक्षर असतं, त्यामुळे शोधायला ‘७:४२ पीएम’ टाइप केलं तर सापडत नाही. फक्त ‘७:४२’ शोधा.

मराठी मजकूर एक्सेलमध्ये उघडल्यावर चौकोन आणि विचित्र चिन्हं दिसली तर फाइल बिघडलेली नाही. दोनदा टिचकी मारून उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ‘६५००१ युनिकोड यूटीएफ-८’ निवडा.

आता मोजणी. टेक्स्ट फाइल ‘नोटपॅड++’मध्ये उघडून शोधाच्या खिडकीत ‘फाइल अटॅच्ड’ लिहा आणि ‘काउंट’ दाबा. समजा ४१८ आले. फोल्डरात टेक्स्ट फाइल धरून ४१९ फायली असायला हव्यात. कमी असतील तर आधी एकच नाव दोनदा आलंय का पाहा. दोघांनी ‘बिल’ याच नावाची पीडीएफ टाकलेली असली की एकीने दुसरीची जागा घेतलेली असू शकते. मग ‘मीडिया ऑमिटेड’ मोजा. तो आकडा म्हणजे तुमच्याकडे न आलेल्या फायली. त्या ओळींवरून कुणाच्या ‘सेंट’मध्ये शोधायचं ते कळतं.

आकडा जुळल्यावर हिशोबाच्या फायली वेगळ्या फोल्डरात कॉपी करा आणि तिथेच नवी नावं द्या. नावात तारीख आधी, वर्षापासून, म्हणजे रांग आपोआप लागते: ‘२०२५-०९-०३ टेंट ट्रॉली भाडं अर्धी रक्कम’. मराठी नाव द्यायला हरकत नाही, पण आटोपशीर ठेवा. अँड्रॉइडवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा वेगळे मोजून साधारण ८५ चिन्हं. त्यात ‘ट्रॉली’सारख्या शब्दालाच सहा लागतात. विंडोजमध्ये फोल्डरांच्या नावांसकट पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला तरी कॉपी अडते, म्हणून फोल्डरात फोल्डर घालत बसू नका.

मूळ झिपला हात लावू नका. एखाद्या रकमेवरून वाद झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्या नमुन्यात फाइलीचं हॅश मूल्य (फाइलीच्या ठशासारखी अक्षरांची ओळ) मागितलेलं आहे. ‘सेव्हन-झिप’ संगणकावर असेल तर झिपवर उजवी टिचकी मारून ‘सीआरसी एसएचए’मधून ‘एसएचए-२५६’ हे हॅश मूल्य काढता येतं. ६४ अक्षरांची ती ओळ कॉपी करून ठेवा. मूळ फाइलीत एक टिंब बदललं तरी ती पार वेगळी येते.

बिलांच्या फोटोंबाबत एक सूचना पुढच्या वर्षासाठी. व्हॉट्सॲप साधा फोटो दाबून लहान करतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आणतं. ए-फोर कागदाची लांब बाजू ११.७ इंच, म्हणजे इंचाला जेमतेम १३७ पिक्सेल. नाव-रक्कम वाचता येते, पण जीएसटीचा पंधरा अक्षरांचा नंबर आणि शिक्क्यातली तारीख यांचा गिचका होतो. तीच गोष्ट ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी येते आणि कॅमेऱ्याची माहितीही शाबूत राहते. सदस्यांना एवढंच सांगा: बिल असेल तर गॅलरीतून नको, कागदाच्या खुणेतून टाका.

सोबत ठेवायचं पान

फायलींच्या फोल्डरात एक साधं टेक्स्ट पान ठेवा, नाव ‘आधी हे वाचा’. सचिव दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि मेनूंची नावं त्याहून लवकर. म्हणून पानात नुसतं ‘एक्स्पोर्ट केलं’ नको. एखादं पान असं दिसेल:

ग्रुप: उत्सव हिशोब २०२५. काढलं: १२ सप्टेंबर २०२५. कुणाच्या फोनवरून: कोषाध्यक्ष, अँड्रॉइड १४. व्हॉट्सॲपची आवृत्ती: सेटिंग्ज, हेल्प, ॲप इन्फोमधली. पद्धत: मोअर, एक्स्पोर्ट चॅट, इन्क्लूड मीडिया, ड्राइव्ह. सगळ्यात जुना संदेश: १९ जून. जोडण्या ४१८, न आलेल्या ७. त्यातल्या ५ पाठवणाऱ्यांच्या ‘सेंट’मधून मिळाल्या, २ नाहीत: साउंडचं दुसरं बिल, हलवायाची १ सप्टेंबरची पावती. ‘बंटी टेंट’ म्हणजे टेंट हाउस. तारखांची मांडणी दिवस/महिना/वर्ष. मूळ झिपचं एसएचए-२५६: (ती ओळ).

यातल्या दोन गोष्टी कधीही गाळू नका: सगळ्यात जुन्या संदेशाची तारीख आणि न मिळालेल्या फायलींची नावं. पहिलीवरून दहा हजारांची मर्यादा लागली का ते कळतं. दुसरी नसेल तर पुढच्या माणसाला वाटतं की सगळं आलंय. नावांऐवजी पदं लिहा. झिपमध्ये सदस्यांचे फोन नंबर आणि घरगुती गप्पाही असतात, त्यामुळे ती सीएंना किंवा कुठल्याही ग्रुपवर पाठवू नका. सीएंना फक्त नावं दिलेली बिलं द्यायची.

फोन मोकळा करायचा असेल तर झिप दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहा, नुसती तिथे दिसते म्हणून समाधान मानू नका. मधल्या कुठल्याही पाच फायली उघडा: एक पीडीएफ, एक व्हिडिओ, तीन फोटो. उघडल्या तरच व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. तिथे पाच एमबीपेक्षा मोठ्या फायलींची यादी वेगळी निघते, आधी तीच साफ करा. ‘क्लिअर चॅट’ दाबताना मीडियाही पुसायचा का असं विचारणारी चौकट असते, तिच्यावरची खूण आधीच लागलेली असू शकते. ती पाहिल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका.